चाकू आणि प्रयोजनाचा रकाना

आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने काही दिवसांपूर्वी मोडी लिपीची तीन दिवसांची कार्यशाळा घेतली. पहिल्या दिवशी बोरू तासून दाखवायचा, दुसऱ्या दिवशी बाराखडी गिरवायची आणि तिसऱ्या दिवशी एखादे जुने पत्र लावायचे, असा साधा आराखडा होता. बोरू आले, शाई आली, कागद आले. प्रत्यक्ष तासण्याची वेळ आली तेव्हा लक्षात आले की सव्वीस विद्यार्थी आणि चार प्राध्यापक यांच्यापैकी एकाजवळही चाकू नाही. कोणीतरी दाढीचे पाते आणले. ते बोरूच्या कठीण सालीवर वाकले, चीर मधोमध न जाता तिरकी उतरली आणि बोरू उभा फाटला. असे चार बोरू वाया गेल्यावर दाराशी उभ्या असलेल्या शिपाईमामांनी खिशातून एक काळपट, झिजलेल्या पात्याचा घडीचा चाकू काढला आणि म्हणाले, "मॅडम, द्या इकडे." मामांनी आयुष्यात कधी बोरू तासला नव्हता. सुतळी, कैरी, विजेच्या तारेवरचे आवरण, पेरूची वाळलेली फांदी एवढाच त्यांच्या चाकूचा अनुभव. पण काय हवे आहे हे एकदा समजल्यावर पाच मिनिटांत त्यांनी लिहिता येईल असा बोरू हातात ठेवला.

पुढच्या वेळी फजिती नको म्हणून विभागासाठी एक चांगला चाकू घ्यावा असे ठरले. खरेदीच्या अर्जात 'प्रयोजन' असा रकाना होता. मी लिहिले: 'बोरू तासणे व इतर सर्व कामे'. अर्ज परत आला. 'इतर सर्व कामे' या शब्दांखाली रेघ होती आणि शेजारी शेरा होता: 'स्पष्ट करावे'.

शेरा पाहून प्रथम हसू आले. नंतर वाटले, प्रश्न अगदीच चुकीचा नाही. रोज जवळ बाळगायचा, कोणत्याही कामाला उपयोगी पडेल असा चाकू म्हणजे नेमका कोणता? तो कशासाठी, हे आधी सांगता येते का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो आपल्या, म्हणजे लिहिणाऱ्यांच्या, अपेक्षेपेक्षा बराच जवळचा निघाला. म्हणून तो येथे मांडते.

प्रारंभ शब्दांपासून करू. 'सुरी' हा शब्द संस्कृत 'छुरिका' वरून आलेला, घरचा. 'चाकू' मात्र फारसीतून आला आणि फारसीत तो तुर्कीतून आला असे मानतात. स्वयंपाकघरात सुरी आणि खिशात चाकू, अशी विभागणी आजही आपण नकळत पाळतो. याच फारसी दफ्तरी परंपरेत एका विशिष्ट चाकूसाठी 'कलमतराश' असा स्वतंत्र शब्द होता. कलम तासणारा तो कलमतराश. 'कलम' हा शब्दही मोठा प्रवासी आहे. ग्रीकमध्ये वेतासारख्या पोकळ गवताच्या दांडीला 'कालामोस' म्हणत. अरबीत त्याचे 'कलम' झाले आणि तेथून ते फारसीमार्गे आपल्याकडे आले. मराठीत त्याला किती अर्थ फुटले पाहा: लिहिण्याचे कलम, आंब्याचे कलम, कायद्याचे कलम आणि शिर कलम करणे. लेखणी आणि पाते यांचा संबंध भाषेने जपून ठेवला आहे. आपणच तो विसरलो आहोत.

बोरू तासणे ही हस्तकला आहे आणि ती हरघडीची होती. वाळलेल्या बोरूचे टोक प्रथम लांब तिरके कापायचे, आतला गर खरवडून काढायचा, दोन्ही बाजू सारख्या उतरत्या करायच्या, मधोमध बारीक चीर द्यायची आणि शेवटी टोक एखाद्या कठीण पाटीवर टेकवून एका झटक्यात आडवे किंवा तिरपे छाटायचे. या शेवटच्या छाटाच्या कोनावर अक्षराची जाडी-बारीकी ठरते. फारसी-उर्दू सुलेखनात या छाटाला 'क़त' असे नाव आहे आणि तो घेण्यासाठी हाडाची किंवा हस्तिदंताची छोटी पट्टी वापरली जाई. लिहिता लिहिता टोक बोथट होते, अक्षर पसरते आणि चाकू पुन्हा हातात घ्यावा लागतो. म्हणजे दौतीइतकाच चाकूही लेखनसाहित्याचा भाग होता. लिहिणारा मनुष्य आपली लेखणी स्वतः घडवी आणि स्वतः दुरुस्त करी. त्यासाठी लागणारे पाते आखूड, ताठ आणि टोकदार हवे. लांब पाते येथे निरुपयोगी, कारण बोट पात्याच्या अगदी जवळ ठेवूनच चीर देता येते. दाढीचे पाते धारदार असूनही का हरले, ते यावरून कळते. त्याला धार होती, पण पाठ नव्हती.

युरोपातही चित्र वेगळे नव्हते. मध्ययुगीन हस्तलिखितांत लेखनिकांची जी चित्रे आढळतात, त्यांत अनेकदा उजव्या हातात पिसाची लेखणी आणि डाव्या हातात चाकू असतो. तो डावा हात रिकामा नसे. चाकूच्या टोकाने उसळणारे चर्मपत्र दाबून धरायचे, चुकलेले अक्षर खरवडून काढायचे आणि पीस बोथट झाले की त्याला टोक करायचे. लिहिणे, खोडणे आणि लेखणी राखणे या तिन्ही क्रिया दोन हातांत वाटलेल्या होत्या. इंग्रजीत खिशातल्या लहान चाकूला आजही 'पेननाइफ' म्हणतात. ते पेन म्हणजे पीस. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबा लाखोंनी बाहेर पडू लागल्या आणि पिसाचे राज्य संपले. आपल्याकडेही बोरूची जागा हळूहळू टाकाने आणि पुढे फाउंटन पेनाने घेतली. काम गेले, पण चाकू गेला नाही. तो खिशातच राहिला आणि त्याचे जुने नावही राहिले. मराठीत 'बोरूबहाद्दर' हा शब्द राहिला, बोरू गेला आणि बोरूबरोबर चाकूही गेला.

येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. ज्या चाकूला आपण 'सर्वोपयोगी' म्हणतो, तो जन्मतः सर्वोपयोगी नसतो. तो कोणत्या तरी एका निश्चित कामासाठी जन्माला येतो आणि रोज जवळ असल्यामुळे बाकीची कामे शिकतो. पेननाइफ पिसासाठी जन्मला, पण सफरचंद सोलणे, दोरी कापणे, पाकिटाची लाख उचकटणे ही कामे त्याच्याकडे आपोआप आली.

घडीचा चाकू स्वतः बराच प्राचीन आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे हाडाच्या मुठीचा, इसवी सनापूर्वी सुमारे सहाव्या शतकातला घडीचा चाकू सापडला आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात तिसऱ्या शतकातले एक रोमन साधन आहे. चांदीच्या मुठीत चमचा, काटा, कोरणी, टोचा आणि लोखंडी पाते अशी अवजारे घडी करून बसवलेली. प्रवासी श्रीमंताची ती चैन असावी. सामान्य माणसाजवळ मात्र एकच पाते असे. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स' मधल्या रीव्हच्या कथेत जो गिरणीवाला येतो, त्याच्या पायमोज्यात शेफील्डचा चाकू खोचलेला आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शेफील्ड हे नाव चाकूच्या संदर्भात वाचकाला सांगावे लागत नव्हते, एवढे तरी यावरून सिद्ध होते. डॅनियल डिफोचा रॉबिन्सन क्रूसो (१७१९) जहाज फुटून किनाऱ्यावर येतो तेव्हा त्याच्या अंगावर तीनच वस्तू असतात: चाकू, चिलीम आणि डबीतली थोडी तंबाखू. बाकी सर्व काही तो नंतर फुटक्या जहाजावरून आणतो. सवयीने खिशात असते तेच अशा वेळी शिल्लक राहते.

आता याच शेफील्डमधला एक चाकू पाहू, जो आपल्या प्रश्नाची उलटी बाजू दाखवतो. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या प्रसिद्ध पेढीने १८२२ साली एक चाकू बनवला आणि त्याला सनाइतकी, म्हणजे १,८२२ पाती बसवली. पुढे सनाच्या आकड्याबरोबर पात्यांची संख्याही वाढवण्यात आली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी याच पेढीने ७५ पात्यांचा 'नॉरफोक चाकू' घडवला. त्याच्या पात्यांवर चित्रे कोरलेली होती. कारागिरीचा विचार केला तर हे चमत्कारच. पण १,८२२ पात्यांच्या चाकूने साधी पेन्सिलही तासता येणार नाही, कारण तो हातात धरता येत नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वित्झर्लंडच्या व्हेंगर कंपनीने ८७ अवजारांचा चाकू बनवला आणि त्याची १४१ कामे मोजून दाखवली. त्याचीही गत तीच: संग्राहकांच्या कपाटात जागा, खिशात नाही. 'सर्व कामे' हे शब्द अक्षरशः घेतले की काय होते त्याचे हे दोन नमुने. कामांची यादी जितकी पूर्ण, तितका चाकू निरुपयोगी. कार्यालयाने माझ्याकडे मागितलेले स्पष्टीकरण मी खरोखरच दिले असते, तर त्यातून रॉजर्सचाच चाकू तयार झाला असता.

ज्या तीन चाकूंनी सामान्य माणसाचा खिसा खऱ्या अर्थाने जिंकला, ते तिन्ही एकाच दशकाच्या आसपास, एकमेकांची वार्ताही नसलेल्या ठिकाणी जन्मले हा योगायोग नाही. १८५६ च्या बेसेमर प्रक्रियेनंतर पोलाद मुबलक होत गेले होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतकरी, शिपाई आणि शाळकरी मुलगा यांना चांगले पाते परवडू लागले होते.

पहिला चाकू स्वित्झर्लंडचा. कार्ल एल्सेनर याने १८८४ मध्ये श्वीत्स परगण्यातील इबाख येथे कारखाना काढला. स्विस सैन्याला तेव्हा प्रत्येक शिपायासाठी एक चाकू हवा होता आणि त्याची कामे ठरलेली होती: डबाबंद अन्न उघडणे आणि १८८९ च्या नमुन्याची नवी बंदूक खोलणे. म्हणून त्यात पाते, टोचा, डबा उघडण्याचे अवजार आणि पेचकस एवढ्या चारच गोष्टी होत्या. मूठ लाकडी होती. गंमत म्हणजे 'स्विस' म्हणून जगभर गाजलेल्या या चाकूची पहिली मोठी खेप जर्मनीतल्या झोलिंगेन येथे बनली, कारण स्विस कारागिरांपाशी तेवढी क्षमता नव्हती. एल्सेनरने कारागिरांचा संघ उभा केला आणि १८९१ पासून हे काम देशात आणले. १८९७ मध्ये त्याने 'अधिकाऱ्यांचा' हलका चाकू नोंदवला. त्यात एक लहान पाते आणि बुचाचा स्क्रू अधिक होता आणि केवळ दोन स्प्रिंगांवर सहा अवजारे पेललेली होती. सैन्याने हा चाकू अधिकृतपणे कधीच घेतला नाही. बंदूक खोलण्यासाठी मद्याच्या बाटलीचे बूच काढावे लागत नाही, हे सैन्याला माहीत होते. अधिकारी तो आपल्या पैशाने विकत घेत. आज जगाच्या खिशात आहे तो शिपायाचा नव्हे, तर नियमाबाहेरचा, स्वेच्छेने निवडलेला हा चाकू. आईच्या मृत्यूनंतर, १९०९ मध्ये, एल्सेनरने मालाला तिचे 'व्हिक्टोरिया' हे नाव दिले. १९२१ मध्ये त्याला गंज न चढणाऱ्या पोलादाचे 'इनॉक्स' जोडले गेले आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' हे नाव तयार झाले.

दुसरा फ्रान्सच्या साव्हॉय भागातला. जोसेफ ओपिनेल या अवजारे घडवणाऱ्या कुटुंबातल्या तरुणाने १८९० मध्ये डोंगरी शेतकऱ्यांसाठी एक चाकू तयार केला. लाकडाची गोल मूठ, तिला एक खाच, खाचेत बसणारे एक पाते आणि टोकाला धातूचा पट्टा, एवढेच. १८९७ पर्यंत त्याने याच चाकूचे एक ते बारा असे आकार केले. निवडीच्या दृष्टीने ही कल्पना फार शहाणपणाची आहे. अवजारे वाढवायची नाहीत, आकार द्यायचे, आणि तळहाताने आपला आकडा शोधायचा. यथावकाश एक आणि अकरा हे आकडे बंद पडले आणि सुमारे साडेआठ सेंटिमीटर पात्याचा आठवा क्रमांक सर्वांत लोकप्रिय ठरला. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल याने फिरते कडे बसवले. ते फिरवले की उघडलेले पाते बोटावर मिटत नाही. इतक्या वर्षांत मूळ रचनेत झालेली महत्त्वाची सुधारणा एवढीच. पाव, चीज, द्राक्षवेलीची छाटणी, काठी तासणे हे सारे त्या एका पात्याने होते.

तिसरा जपानचा 'हिगोनोकामी'. मेइजी काळात, १८९० च्या दशकात, ह्योगो प्रांतातील मिकी येथे तो घडू लागला. दुमडलेल्या धातूच्या पत्र्याची मूठ, एक पाते आणि पात्याच्या मागे निघालेली छोटी दांडी, तिच्यावर अंगठा दाबून ठेवायचा. ना स्प्रिंग, ना अडसर. पाते उघडे ठेवणारी शक्ती वापरणाऱ्याच्या अंगठ्यातच. जपानमधल्या शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी याच चाकूने पेन्सिली तासल्या. लेखणी आणि चाकू यांचे जुने नाते पेन्सिलीच्या रूपाने तेथे विसाव्या शतकातही टिकले होते.

आपल्याकडे काय होते? महाराष्ट्राच्या घरात पाते असे ते विळीचे. ते स्थिर राहते आणि भाजी त्याच्याकडे जाते. शेतात विळा आणि कोयता. कनवटीला किंवा चंचीत रोज बाळगायचे पाते म्हणाल तर अडकित्ता. त्याचे काम एकच, सुपारी कातरणे. घडीच्या चाकूची परंपरा लिहिणाऱ्यांकडे, कारागिरांकडे आणि शेतकऱ्यांकडे थोडीथोडी वाटलेली होती. धार लावायला गावोगाव फिरणारे शिकलगार होते. पण ज्याला 'आपला' म्हणावे असे एखादे नाव मराठीत रुजले नाही. जे नाव रुजले ते दुसऱ्याच कारणासाठी: रामपुरी.

आणि येथून या इतिहासाला दुसरे वळण लागते. उत्तर प्रदेशातील रामपूरच्या कारागिरांचा खटक्याचा चाकू हिंदी चित्रपटांनी घरोघरी पोहोचवला. 'वक्त' (१९६५) मध्ये राजकुमारच्या तोंडी असलेला चाकूविषयीचा संवाद ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनाही पाठ असतो. लांब पाते, खटक्याचा आवाज, अंधारी गल्ली. खिशातला चाकू म्हणजे गुंड, हे समीकरण आपल्या मनात पक्के झाले. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी घातली आणि तो धंदा ओसरला. २०२३ मध्ये त्याच रामपूरच्या एका चौकात सुमारे वीस फूट उंचीचा चाकू स्मारक म्हणून उभा करण्यात आला. खिशातून हद्दपार झालेली वस्तू चौथऱ्यावर प्रतिष्ठित झाली.

जपानमध्येही असेच घडले. १२ ऑक्टोबर १९६० रोजी समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांची सतरा वर्षांच्या तरुणाने भर सभेत व्यासपीठावर हत्या केली. वापरलेले शस्त्र आखूड तलवार होते, पेन्सिलीचा चाकू नव्हे. पण त्यानंतर मुलांच्या हातात पाते नको अशी मोहीम देशभर उभी राहिली आणि हिगोनोकामीचा धंदा कोसळला. एकेकाळी मिकीत अनेक कारखाने होते. आज ते नाव लावण्याचा अधिकार असलेला एकच उरला आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानप्रवासातून पाती गेली आणि विमानतळांवरच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या स्विस चाकूंच्या विक्रीला मोठा फटका बसला. २०२४ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सच्या प्रमुखांनी पाते नसलेले खिशातले साधन बनवण्याचा विचार चालू असल्याचे सांगितले. पाते नसलेला चाकू ही कल्पना एखाद्या लघुनिबंधकाराला सुचावी अशी आहे, पण ती व्यवहारातून आली.

या भीतीला हसण्यात अर्थ नाही. चाकूने माणसे मरतात आणि ज्या घरातले कोणी असे गेले, त्या घराला कलमतराशाचा इतिहास सांगणे क्रूरपणाचे होईल. कायद्याने मर्यादा घालणे रास्तच आहे. पाहण्यासारखे आहे ते हे, की कायदासुद्धा शेवटी प्रयोजनाच्या रकान्यापाशीच येतो. भारतात १९६२ च्या शस्त्र नियमांनी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते शस्त्रांत धरले, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेले पाते त्यातून वगळले. जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडून पक्का होणारा चाकू सार्वजनिक जागी बाळगायचा तर रास्त कारण दाखवावे लागते. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानेही पाते बाळगण्याचे योग्य कारण मागितले. मात्र ३ इंचांपर्यंतच्या साध्या घडीच्या चाकूला त्यातून सूट दिली. (घडी पक्की अडकवणारा चाकू या सवलतीत बसत नाही, असे तेथील न्यायालयांनी पुढे ठरवले.) म्हणजे निदान एका कायद्याने हे मान्य केले की एक वस्तू अशी आहे, जी का बाळगली हे विचारायचे नाही. पिसाला टोक करणाऱ्या चाकूचे हे उशिरा मिळालेले प्रमाणपत्रच म्हणायचे.

आता निवडीकडे येऊ. या इतिहासातून जे हाती लागते ते असे. पाते एक असावे, फार तर दोन. लांबी तीन इंचांच्या आत असावी. बोरू, पेन्सिल, फळ, सुतळी, टपालाचे पाकीट यांपैकी कशालाही याहून अधिक लांबी लागत नाही आणि समोरच्या माणसालाही दचकायला होत नाही. पाठ जाड आणि धारेकडे पाते पातळ उतरत गेलेले असावे. टोक असावे, कारण टोकाशिवाय चीर देता येत नाही. खटका नको.

पोलादाचा प्रश्न थोडा नाजूक आहे. शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये गंज न चढणारे पोलाद सिद्ध केले तेव्हा तेथील चाकूवाल्यांनी 'न कापणाऱ्या चाकूंचा संशोधक' म्हणून त्याची थट्टा केली होती. पुढे ते पोलाद सुधारले आणि थट्टा मागे पडली. तरीही साधे कार्बनचे पोलाद धार लवकर घेते आणि घरच्या दगडावर पाजळता येते. मात्र कैरी किंवा लिंबू कापून तसेच ठेवले तर काळे पडते आणि कोकणच्या पावसाळ्यात दोन दिवसांत गंजते. ज्याला पुसून ठेवायची सवय आहे त्याने ते घ्यावे, ज्याला नाही त्याने गंज न चढणारे घ्यावे. निवड चाकूची असते तशी स्वतःच्या स्वभावाचीही असते.

उरला मुठीचा आणि किमतीचा मुद्दा. मूठ मिटल्यावर तळहातात मावावी आणि किंमत इतकी असावी की चाकू वापरताना जीव खालीवर होऊ नये. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला पाठांतराचे बक्षीस म्हणून बार्लो चाकू मिळतो. त्याने काही कापले जात नाही, पण तो 'बार्लो' असल्याचाच टॉमला अपार आनंद. वयाच्या त्या टप्प्यावर हे क्षम्य आहे. पुढे मात्र नावापेक्षा धार पाहावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे: धार आपल्याला लावता आली पाहिजे. हा मुद्दा मला केवळ चाकूपुरता वाटत नाही. बोरूने लिहिणाऱ्याला आपले साधन बिघडल्यावर स्वतः नीट करता येई. टाक आल्यावर निब बदलावी लागली. पुढे पेनच फेकून देण्याची सोय झाली. आज माझे विद्यार्थी ज्या साधनावर लिहितात ते बिघडले तर उघडूनही पाहता येत नाही. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही आणि मीही त्याच साधनावर हा लेख लिहिते आहे. पण त्या कार्यशाळेत एका मुलीने तिसऱ्या प्रयत्नात स्वतः तासलेल्या बोरूने पहिली ओळ काढली, अक्षर पसरले म्हणून थांबली, पुन्हा मामांच्या हातातला चाकू मागून घेतला आणि टोक छाटून तीच ओळ परत लिहिली. जुन्या पत्रांत ओळी मध्येच जाड का होतात आणि पुढच्या शब्दापासून एकदम बारीक का होतात, हे तिला त्या क्षणी कळले. लिहिणाऱ्याने तेथे थांबून चाकू हातात घेतलेला असतो. हे मला व्याख्यानात सांगून वर्षानुवर्षे कळवता आले नव्हते.

अर्ज मी पुन्हा भरला. प्रयोजनाच्या रकान्यात या वेळी दोनच शब्द लिहिले: 'बोरू तासणे'. तो मंजूर झाला. लाकडी मुठीचा, एका पात्याचा एक चाकू आता विभागाच्या खणात असतो. गेल्या काही महिन्यांत त्याने पुस्तकांचे गठ्ठे सोडवले, अडकलेले कुलूपपट्टीचे स्क्रू सैल केले (हे करू नये, टोक मोडते), निरोप समारंभाचा केक कापला, एका सहकाऱ्याच्या औषधाच्या बाटलीचे सील काढले आणि दोन वेळा बोरू तासला. शिपाईमामा अधूनमधून तो घेतात, नखावर धार पाहतात आणि काही न बोलता दगडावर चार हात फिरवून परत ठेवतात.